एकोणीस बहिरी पोरं

दवाखान्याची पांढरी गाडी गावात यायची ती नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत. अशा दिवसांत गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि अंगणवाडीतली पोरं, एवढंच काय ते उरलेलं असे. आया सगळ्या पहाटेच वावरात गेलेल्या. मग तपासणीवाले आपले कागद घेऊन अंगणवाडीत बसत, चहा पीत, पोरांच्या डोळ्यांत बॅटरी मारत, आणि जे विचारायचं ते इंदूबाईंनाच विचारत. इंदूबाई सांगत. इंदूबाईंना सगळं ठाऊक असे.

ही काही गावानं उगाच चढवलेली गोष्ट नव्हती. एकतीस वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर सात पोरं घेऊन त्यांनी काम सुरू केलं, तेव्हा वजनाचा काटा निंबाच्या फांदीला टांगायचा आणि पोराला झोळीत घालून लोंबकळवायचं. त्या वेळच्या पोरांची वजनंसुद्धा त्यांना पाठ होती. आज मिशीवर हात फिरवणाऱ्या गड्याला त्या भर रस्त्यात सांगत, "तू सव्वा वर्षाचा झाल्ता तरी सहा किलोच्या वर सरकला नवता. तुह्या मायनं मले रडू रडू सांगतलं होतं." कोणाला पहिला दात कधी आला, कोण भिंत धरून चाललं, कोण नुसतंच ढुंगणावर घसरत गेलं, सगळं त्यांच्या डोक्यात. दारव्ह्याची सुपरवायझर म्हणायची, इंदूबाई असताना रजिस्टर कशाला.

पण रजिस्टर होतंच, आणि या खेपेला कागदही होते. आठ दिवसांपूर्वी सुपरवायझरनं एक गठ्ठा हातात दिला होता. सव्वा ते अडीच वर्षांच्या पोरांसाठी एकेक कागद. प्रत्येकावर वीस प्रश्न, पुढे होय आणि नाहीचे चौकोन. आईला विचारून भरायचे. गावात अशी एकोणीस पोरं निघाली. इंदूबाईंनी एका दुपारी चटईवर बसून, निळ्या पेनानं, एकोणीसच्या एकोणीस कागद भरून टाकले. होय, होय, होय. खालपर्यंत होय.

यात त्यांना काही पाप वाटलं नाही. गावानंच ही रीत त्यांना शिकवली होती. कापसाचं सगळं बिघडत गेलं, त्या वर्षांत गावातली तीन माणसं लागोपाठ औषध पिऊन गेली होती. तेव्हा गाड्यांवर गाड्या आल्या. जो उतरेल त्याच्या हातात कागद. घरात भांडण होतं का? दारू होती का? डोक्यावर परिणाम होता का? तांड्यावरची रुपीबाई भोळी. गेलेल्या नवऱ्याबद्दल ती खरं बोलली, की सणावारी घेत होता. तिचं नाव सरकारी मदतीच्या यादीतून कापलं गेलं. तेव्हापासून गाव शहाणं झालं. कागदाला असं उत्तर द्यायचं, की विचारणारा परत येऊ नये.

एकोणीस कागदांत एका कागदावर मात्र इंदूबाईंचा हात थोडा थांबला होता. तो त्यांच्या नातवाचा होता. अमरचा. पण थांबला तो थांबला, मग पुढे गेला. तिथंही वीसच्या वीस होय.

अमरला दोन वर्षं पाच महिने झाले होते. अंगानं गुटगुटीत, केस कुरळे, बापाच्या जीपचं चाक दिसलं की तासभर फिरवत बसणारा. बोलत नव्हता. हाक मारली तर बघत नव्हता. त्याची आई दीपा नेरची. तिच्या भावाची पोरगी अमरहून चार महिन्यांनी लहान, दिवाळीला दीपा माहेरी गेली तर ती पोरगी मांडीवर चढून "आत्या, बांगडी कोनी घेतली?" असं विचारत होती. दीपा परत आली ती मनात गाठ मारूनच. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात अशा पोरांना बघतात म्हणे, आपण नेऊ, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. अतुल दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा, रोज त्या दवाखान्यासमोरून जायचा. पण तो म्हणाला, "आईले विचार. तिनं पाचशे पोट्टे पाह्यले. आई म्हणन तर उद्या नेतो."

आणि आई म्हणाली, "पोट्टे उशिरा बोलतेत. तू कायले त्याले येडा ठरवून राह्यली?"

त्यानंतर सासू-सुनेत सरळ बोलणं उरलं नव्हतं. ताट आपटून वाढायचं आणि ताट आपटून उचलायचं.

सोमवारी गाडी आली, तेव्हा दीपा वावरात गेली नाही. अमरला कडेवर घेऊन अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. मदतनीस जमनी खिचडी ढवळत होती, तिनं डोळ्यानंच इंदूबाईंना खूण केली.

"तू कायले आली?" इंदूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सरकीच्या वावरात आठ बाया लावल्या, त्यायच्यावर कोन पाहीन?"

"सासरे हायेत तठी," दीपा म्हणाली. "मी माह्या पोराच्या तपासनीले आली. सगळ्यायच्या माया येतेत, मी येऊ नोको?"

"कोनाची माय आली, दाखव बरं."

"म्हनून तं मी आली."

पथकाची डॉक्टरीण नवीन होती. निशिगंधा नाव, वय तिशीच्या आत, पायांत बूट, चेहऱ्यावर तीन गावं करून आल्याचा वैताग. तिनं चहाला नाही म्हटलं, तिथंच इंदूबाईंच्या मनातून ती उतरली. टेबलावर तिनं एकोणीस कागद पसरले. एक वाचला. दुसरा वाचला. मग भराभर सगळे उलटले.

"हे कोणी भरले?"

"म्या भरले. आयायले इचारून."

"बरं. मग हा पाचवा प्रश्न वाचा, ताई. मोठ्यानं."

इंदूबाईंनी चष्मा सारखा केला. "तुमच्या मुलाला ऐकू येत नाही की काय, अशी शंका तुम्हाला कधी आली का?"

"उत्तर काय लिहिलंय?"

इंदूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"होय लिहिलंय. सगळ्यांना. या कागदांप्रमाणे तुमच्या गावातली एकोणीसच्या एकोणीस मुलं बहिरी आहेत. आणि हा बारावा बघा. रोजच्या साध्या आवाजांचा मुलाला फार त्रास होतो का? होय. म्हणजे बहिरी आहेत आणि आवाजाचा त्रासही होतो. कमाल गाव आहे तुमचं."

जमनीच्या हातून पळी निसटली आणि ती पदरात तोंड घालून हसली. बाहेर निंबाखाली भगवानराव बसले होते. गावातले जुने कास्तकार, कान सदा अंगणवाडीकडे लावलेले. ते तिथूनच ओरडले, "म्हंजे पोट्टे बहिरे हायेत व्हय? मले वाटे माह्या नातवाले नुसती मस्ती चढली."

"तुम्ही गप बसा हो, भगवानराव!"

"मी गपच हावो. एकदा बोलल्यानं गावात काय झालं ते पाह्यलं ना आपन. मॅडम, हे बी लिहून घ्या, म्हातारा ठीक हाये, सगळं ठीक हाये."

निशिगंधानं बाहेर बघितलंसुद्धा नाही. "काही प्रश्नांचं चांगलं उत्तर 'नाही' हे असतं, ताई. वाचून बघितलं असतं तर कळलं असतं. एक दुपार घालवली असेल ना यावर? ती झोपण्यात घालवली असती, तर बरं झालं असतं."

एकतीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. इंदूबाईंचे कान तापले. पूर्वीचे डॉक्टर कसे, ओसरीवर मांडी घालून बसायचे, इंदूबाई, तुमच्या गावाची काळजी नाही म्हणायचे. ही कालची पोरगी.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मी या गावच्या पोट्ट्यायच्या बापायची बी वजनं केली. मले कागद वाचून पोरगं कळत नाई, पोरगं पाहून कळते."

"मग सांगा, बघून काय कळलं?" निशिगंधानं दारातल्या दीपाकडे हात केला. "हा कोण?"

"माहा नातू."

"याचा कागद?"

दीपा पुढे आली. गठ्ठ्यातून तिनंच तो कागद ओढला, वाचला, आणि टेबलावर परत ठेवला. तिच्या मानेची शीर ताठ झाली होती. "बाई," ती म्हणाली.

इंदूबाई चमकल्या. घरात ती आई म्हणायची. बाई गावातल्या दुसऱ्या बाया म्हणत.

"बाई, हा कागद तुम्ही मले इचारून भरला?"

जमनीनं खिचडीवर झाकण ठेवलं.

"मॅडम, हा फाडा," दीपा म्हणाली. "नवीन घ्या. मले इचारा. मी माय हावो याची."

निशिगंधानं नवा कागद काढला. आपला वैताग तिनं बाजूला ठेवला नाही, पण आवाज जरा खाली आणला. एकेक प्रश्न विचारू लागली. खोटं खोटं खेळतं का, कपातून चहा प्यायल्यासारखं? नाही. दुसरं मूल जवळ आलं तर बघतं का? नाही. वर चढायला आवडतं? हो, फार. तुम्ही हसलात तर हसतं? कधी कधी. बापाकडे बघून हसतं, दीपानं प्रामाणिकपणे सांगितलं.

"हसते ना!" इंदूबाई मध्येच म्हणाल्या. "लिहा, हसते."

"लिहिलं, ताई."

मग तिनं अमरला चटईवर बसवलं आणि मागून हाक मारली. "अमर." तो जीपचं तुटकं खेळणं उलटं करून चाक फिरवत होता. "अमर!" चाक फिरत राहिलं. तिसऱ्या हाकेला त्यानं मान वळवली, पण त्याच वेळी बाहेर कोणाची तरी मोटारसायकल फटफटली होती.

"वळला!" इंदूबाई.

"गाडीले वळला," दीपा.

"हाकेले वळला! तू तं त्याच्यात खोडच शोधून राह्यली. कोनती माय अशी रायते?"

"खोटं लिहिनाऱ्या आजीपेक्षा बरी."

"दोघीही थांबा." निशिगंधानं पेनाची टोपी टेबलावर टकटकवली. "पुढचा प्रश्न. हवी ती वस्तू मूल बोटानं दाखवतं का? किंवा काही दिसलं, पाखरू म्हणा, विमान म्हणा, तर बघ बघ म्हणून तुम्हाला बोट करून दाखवतं का?"

"नाई," दीपा म्हणाली. "माहा हात धरते अन् डब्यापाशी नेते. बोट नाई करत."

इंदूबाईंना वाट सापडली. त्या सावरून बसल्या. "मॅडम, तुम्ही शहरातल्या. आमच्या अठी लेकरायले बोट दाखवू देत नाई. अंगनात दोडक्याचा येल हाये, काकडी हाये. कवळ्या फळाले बोट दाखवलं का सडते ते. आमी लहानपनापासून शिकवतो, बोट दाखवाचं नाई, मूठ दाखवाची. म्या या अंगनवाडीतल्या हरएक पोट्ट्याले शिकवलं. म्हनून नाई दाखवत तो. वळन हाये ते, रोग नोहे."

"हे मातर खरं हाय," जमनी म्हणाली. "माह्या पोरीले बाईनं इथंच हातावर मारलं होतं. आमच्या तांड्यावर बी तसंच हाय."

निशिगंधा थांबली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा वैताग जरा हलला. "आमच्याकडेही होतं हे," ती म्हणाली. "माझी आजी भोपळ्याला बोट दाखवू द्यायची नाही." तिनं कागदावरच्या खुणा पुन्हा मोजल्या. "हे बघा, बाकीचं काठावर आहे. यवतमाळच्या केंद्रात आधीच गर्दी आहे, काठावरच्यांना ते परत पाठवतात. याला शिकवल्यामुळे तो बोट दाखवत नसेल, तर हा प्रश्न मी धरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आणि तसं नसेल, तर आजच चिठ्ठी देते. गुरुवारी न्या."

"सहा महिन्यानं तो तीनचा होईन," दीपा म्हणाली. "अन् सहा महिन्यानं परत हा कागद यायच्याच हातात राहीन."

"मग मला खात्रीनं सांगा."

दीपानं अमरला उचललं नाही, पदर सावरला नाही. सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही शिकवलं ना त्याले?"

"हाव. शिकवलं."

"शिकवाले आधी त्यानं दाखवाले पायजे. एकदा तरी दाखवलं असंन, तवा तुम्ही हातावर मारलं असंन. तुमाले तं सगळ्या गावाचं ध्यानात रायते. सांगा मंग. अमरनं कवा दाखवलं? कोन्या येलाले? कोनता महिना होता?"

"असं कसं इचारते तू..."

"पोरगा माहा हाये, इचारतो. तुमचं पोरगं, म्हंजे माहा नवरा, त्यानं कवा दाखवलं होतं ते सांगा आधी."

ते इंदूबाईंना विचारायची गरज नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत गावाबाहेर नेतात त्या सकाळी. अतुल सव्वा वर्षाचा. परसात काकडीला बोटभर फळ धरलं होतं आणि ते पोरगं कडेवरून वाकून बोट नाचवत होतं, आँ, आँ. मनगटावर चापट दिली तर आधी चकित होऊन बघितलं, मग भोकाड पसरलं. जमनीच्या पोरीनं भोपळ्याला दाखवलं होतं, ओल्या फरशीवर उभी राहून. भगवानरावांच्या नातवानं तर आभाळातल्या विमानाला दाखवलं, तेव्हाही त्यांनी सवयीनं मारलं होतं आणि मग स्वतःच हसल्या होत्या. एकेक हात त्यांना दिसत होता. बोटाला लागलेला गूळ, नखातली माती, सगळं.

आणि अमर? त्या मनात परसात गेल्या. वेलापाशी गेल्या. दोन पावसाळे त्याला कडेवर घेऊन त्या त्या वेलाखाली उभ्या राहिल्या होत्या. चिमणी बघ, म्हणाल्या होत्या. चांदोमामा बघ. त्यांचंच बोट वर, आणि पोरगं त्यांच्या बोटाकडेही बघत नव्हतं, वरही बघत नव्हतं, त्यांच्या बांगडीवरचा उजेड बघत होतं. चापट द्यायला हात उठवावा, असं एकदाही झालं नव्हतं.

खोटं बोलणं सोपं होतं. "गेल्या श्रावनात, दोडक्याले," एवढे तीन शब्द. जमनीनं मान हलवली असती, भगवानरावांनी बाहेरून साक्ष दिली असती, आणि इंदूबाईंच्या आठवणीवर या गावात कोणी कधी शंका घेतली नव्हती. मॅडमनं तो प्रश्न सोडून दिला असता. सहा महिने मिळाले असते. सहा महिन्यांत पोरगं बोललंही असतं, कोणी सांगावं.

"सांगा ना, बाई," दीपा म्हणाली. "का मॅडमले होय लिहाले सांगू?"

निशिगंधा पेन धरून बसली होती.

"नाई दाखवलं," इंदूबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्यानं कवाच बोट नाई दाखवलं. मले मारा लागलंच नाई त्याले."

निशिगंधानं कागदावर नाहीच्या चौकोनात खूण केली. मग दुसरा, जाड कागद काढला आणि त्यावर लिहू लागली. लिहिता लिहिता एक शब्द बोलली, स्वमग्नता, तशी शंका आहे म्हणाली, नक्की तिथले लोक सांगतील, तीनच्या आत आलात हे बरं झालं.

"मग्न तं देवळातला बुवा बी रायते," इंदूबाई कोरड्या तोंडानं म्हणाल्या. "त्याले कोनी यवतमाळले नाई नेत."

"बुवा चाळीस वर्षांचा असतो, ताई. त्याचं तो बघेल." चिठ्ठी दीपाच्या हातात देऊन निशिगंधा उठली. "राहिलेले अठरा कागद आठ दिवसांत पुन्हा भरायचे. आयांना विचारून. वावरात जा, बांधावर बसा, काहीही करा. आणि पुढच्या वेळी असा गठ्ठा दिलात तर मी वर लिहीन. वय बघणार नाही."

गाडी गेली. भगवानराव काठी टेकत दारात आले. "इंदूबाई," ते म्हणाले, "तुम्ही बी काय! घरचंच पोरगं कागदात घातलं."

"तुमच्या नातवाचा कागद उद्या आनतो," इंदूबाई म्हणाल्या. "सुनेले वावरात पाठवू नका."

"आमचं सगळं ठीक हाये!"

"ते मी पाहीन."

घरी दीपानं तोंड उघडलं ते अतुल आल्यावरच. चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, गुरुवारी सकाळी. अतुलनं आईकडे बघितलं. आईनं भाकर उलटली.

"मी बी येतो," इंदूबाई म्हणाल्या. "तठी इचारतीन, पोरगं कवा बसलं, कवा चाललं. तू वर्षभर वेचनी-निंदनीले होती. पोरगं माह्याजवळ होतं."

"तुमची गरज नाई. लिहून द्या," दीपा म्हणाली.

मंगळवारी दुपारी इंदूबाईंनी लिहून दिलं. अंगणवाडीच्या पद्धतीनं, वळणदार अक्षरात. बालक अमर अतुल. जन्मवजन दोन किलो आठशे. लसीकरण पूर्ण. आहार नियमित. वाढ समाधानकारक.

दीपा धान्य निवडत होती. तिनं कागद वाचला आणि सुपातल्या खड्यांवर टाकला. "हे सुपरवायझरले द्या. मले पोराचं पायजे."

इंदूबाईंना राग आला. या घरात सून होऊन आलेल्या बाईनं सासूचं लिहिणं खड्यांत टाकावं, असा काळ त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या सासूसमोर त्यांनी मान वर करून पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. पण त्यांनी कागद उचलला नाही. बुधवारी पोरं घरी गेल्यावर त्या अंगणवाडीतच बसल्या, जुन्या रजिस्टरची चार कोरी पानं फाडली, आणि जसं आठवेल तसं लिहीत गेल्या. कसा बसला, कसा चालला. आठव्या महिन्यात आजोबांची टोपी ओढायचा, ते कधी बंद झालं. दूध पिताना कुठं बघायचा. आठवायला कष्ट नव्हतेच. लिहायला होते.

गुरुवारी सकाळी अतुलनं जीप अंगणाला लावली. दीपा अमरला अंघोळ घालून, पावडर लावून उभी होती. इंदूबाईंनी पानं पुढे केली. दीपानं ती घाईत घेतली, पण वाचायला लागली तशी सावकाश झाली. शेवटच्या पानावर थांबली. तिथं लिहिलं होतं:

गेल्या वर्षी आखाडीच्या दिवशी घरात कोणी नव्हतं. अमर चाकाशी खेळत होता. मी त्याच्या मागे जाऊन पितळी ताट वाजवलं. तो दचकला. म्हणजे कान ठीक आहेत. मग मी पंधरा वेळा नाव घेऊन हाक मारली. तो वळला नाही. मी हे कोणाला सांगितलं नाही. ताट जागेवर ठेवलं.

"आखाडी," दीपा म्हणाली. "दीड वर्ष झालं त्याले."

"सव्वा."

"तुमाले तवाच माहीत होतं."

"हाव."

"अन् मी इचारलं तवा तुम्ही म्हनाल्या, पोट्टे उशिरा बोलतेत."

"बोलतेत बी उशिरा. काही बोलतेत." इंदूबाईंनी नजर काढून घेतली नाही. "मले वाटलं, कागदावर चढलं का उतरत नाई. रुपीबाईचं उतरलं का? गावात येडा म्हनूनच हाक मारतीन. मी हाये तवरिक झाकतो, असं वाटलं."

"तुम्ही किती वर्सं राहान?"

अतुलनं हॉर्न वाजवला. मागं तीन प्रवासी बसले होते, दारव्ह्याच्या बाजाराचे, आणि एक जण म्हणत होता की दवाखान्याची वारी करायची होती तर आमाले कायले बसवलं.

दीपानं पानांची घडी घातली. इंदूबाईंना वाटलं ती पिशवीत ठेवेल. पण तिनं घडी परत इंदूबाईंच्या हातात कोंबली.

"हे मी नाई वाचून दाखवनार," ती म्हणाली. "मले लाज वाटते. तुम्हीच चाला. डाक्टर इचारन तवा ताटाचं तुमच्या तोंडानं सांगा, सगळ्यायच्या समोर. एक बी कमी सांगाल तं मी मधातच बोलीन."

"पायतान घालून येतो."

"लवकर. अन् समोर बसू नोका. समोर आमी बसतो."

इंदूबाई मागच्या फळीवर चढल्या. बाजाराचा माणूस कुरकुरत सरकला, टोपलं मांडीवर घेतलं. "बाई, तुमी कुठं निघाल्या सकाळी सकाळी?"

"यवतमाळले."

"काहून? तब्येत ठीक नाई का?"

गाडी गावाबाहेर काढता काढता अतुलनं आरशात आईकडे बघितलं. दीपाही मागं वळली, अमरला घट्ट धरून, उत्तर काय येतं ते ऐकायला.

"माह्या नातवाले दाखवाचं हाये," इंदूबाई म्हणाल्या. "तो हाक मारली तं पाहत नाई."